नाकाची तारीख

फरोगने भाताचं पातेलं थाळ्यावर उपडं केलं आणि बुडाशी धरलेला खरपूस सोनेरी थर अख्खाच्या अख्खा सुटून वर आला. वीस वर्षांच्या संसारात ताह्दीग असा एकसंध सुटल्याचे दिवस तिला बोटांवर मोजता आले असते. कोणाला तरी हाक मारून दाखवावा म्हणून ती वळली, तोच ओट्यावरचा फोन वाजला.

निरोप डॉक्टर पेजमानच्या दवाखान्यातून होता. ‘शमीम यांची नाकाची शस्त्रक्रिया मंगळवारी सकाळी साडेसात वाजता. उपाशीपोटी यावे. रुग्ण अठरा वर्षांखालील असल्याने आई किंवा वडिलांची सही लागेल.’

तिने तो दोनदा वाचला. आज शुक्रवार. डॉक्टर पेजमान स्वतः पलीकडच्या खोलीत, जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या सोफ्र्यापाशी मांडी घालून बसला होता, कारण आजचं जेवण त्याच्यासाठीच होतं. नणंदेच्या मुलीशी, हेदियेशी, त्याचं लग्न होऊन तीन आठवडे झाले होते, आणि नव्या जोडप्याला पागोशाचं, लग्नानंतरच्या पहिल्या बोलावण्याचं, जेवण घालायची आज फरोगची पाळी होती. दुसरी एखादी किंचाळली असती. फरोग मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आणि काही विपरीत समोर आलं की घाबरण्याआधी तिला प्रश्न पडायचा, हे आलं कुठून?

उत्तर दारातूनच आत आलं. तूबा, तिची नणंद, थाळा न्यायला आली होती.

“अगं, त्यात एवढं वाचण्यासारखं काय आहे?” तिने फरोगच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. “तारीख मिळाली ना? लोक आठ-आठ महिने थांबतात.”

“तुम्हाला ठाऊक होतं, तूबा खानम?”

“सगळ्यांनाच ठाऊक होतं. लग्नाच्या जेवणात पोरीने विचारलं, पेजमान हो म्हणाला, नादिरने मान डोलावली. तू तेव्हा तिकडे तुझ्या बुशेहरच्या माणसांत बसली होतीस.”

बुशेहरच्या माणसांत बसणं हा गुन्हा असल्यासारखं ती म्हणाली.

“सोळा वर्षांची आहे ती.”

“म्हणूनच. उशिरा केलं तर मधली वर्षं फुकट गेली ना. माझं चोविसाव्या वर्षी झालं, तेव्हाच उशीर झाला होता.”

तूबाच्या पहिल्या लग्नाचा विषय त्या घरात अजूनही कोणी काढत नसे. तिच्या नाकाचा मात्र ती स्वतःच काढायची. सरळ, बारीक, शेंड्याला किंचित वर गेलेलं ते नाक घेऊन ती थाळा उचलून निघूनही गेली, आणि फरोग ओट्याला टेकून उभी राहिली.

गेलं वर्षभर ती लेकीकडे पाहत होती. शमीम दिवाणाच्या डाव्या टोकालाच, भिंतीकडे उजवी बाजू करून बसायची, म्हणजे ती कोणाला दिसू नये. हसताना तोंडापुढे हात धरायची. न्हाणीघरात फोन घेऊन तासभर कोंडून घ्यायची. फरोगने आधी फोन काढून घेतला होता. नऊ दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही, आणि दहाव्या दिवशी कळलं की पोरगी शाळेत मैत्रिणीचा फोन वापरतेय. मग तिने कौतुकाचा मार्ग धरला. उठता-बसता ‘किती सुंदर दिसतेस गं’ म्हणायला लागली. त्यावर शमीम असं बघायची, की जणू आईने तिला उधार दिलेली वस्तू परत मागितली आहे.

ती बाहेर आली तेव्हा ताह्दीगचं कौतुक सुरू झालंच होतं.

“तुमचे हात दुखू नयेत, फरोग खानम,” पेजमान म्हणाला. तो तिशीतला, गोरा, मऊ आवाजाचा माणूस होता. लग्नाला तीन आठवडेच झाले असल्यामुळे सासरच्या प्रत्येक वाक्याला तो अर्धा उठून उत्तर द्यायचा. “असा भात मी जन्मात खाल्ला नाही.”

“हात नाही दुखत,” फरोग बसत म्हणाली. “डॉक्टर, मंगळवारी सकाळी तुम्ही माझ्या मुलीला टेबलावर घेणार आहात, असं आत्ता कळलं.”

सोफ्र्याभोवतीचे चमचे थांबले. कोपऱ्यात, डाव्या टोकाला बसलेल्या शमीमने मान खाली घातली.

“आपल्याच घरची सेवा,” पेजमान कानापर्यंत लाल होत म्हणाला. “नादिरखानांनी शब्द टाकल्यावर मी नाही कसं म्हणणार?”

“मी?” नादिर म्हणाला. फरोगचा नवरा म्हणजे सबंध शिराझमध्ये कोणाचंही मन न दुखवलेला माणूस अशी त्याची ख्याती होती, आणि त्यापायी घरच्यांच्या नाकी नऊ आले होते. “मी कुठे शब्द टाकला? तुम्हीच म्हणालात, दवाखाना तुमचाच समजा, सांगाल त्या दिवशी करतो.”

“ते म्हणालो. पण त्यावर तुम्ही म्हणालात, पोर तुमचीच आहे, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.”

“ते... तसं म्हणायचं असतं.”

“मीही तसंच म्हणालो होतो.”

मग हेदियेला हसू फुटलं आणि तिने ते पाण्याच्या पेल्यात लपवलं. फरोग एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली. ती बुशेहरची, समुद्रावरची. तिकडे पाहुण्याला चहा हवा का विचारलं की तो हो किंवा नाही म्हणतो. इथल्या तआरोफात, मान राखायच्या गोड बोलण्यात, तिसऱ्या खेपेला आलेलं ‘नाही’ तेवढंच खरं, हे शिकण्यात तिची पहिली दोन वर्षं गेली होती. पण दोन शहाणी माणसं एकमेकांचा मान राखता राखता एका मुलीला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचवतील, हे तिलाही नवीन होतं.

“म्हणजे हे तुम्हा दोघांनाही करायचं नाहीये,” ती म्हणाली.

“छे, तसं नाही,” नादिर घाईने म्हणाला. “डॉक्टरांनी एवढी आपुलकी दाखवली, ती मी कशी...”

“नाही नाही, माझी काहीच अडचण नाही,” पेजमान त्याच्याहून घाईने म्हणाला. “मला तर अभिमानच...”

दोघेही अडकले होते. जो आधी नको म्हणेल, त्याने दुसऱ्याचा पुढे केलेला हात झिडकारल्यासारखं झालं असतं.

“बास की,” तूबा म्हणाली. “ठरलंय ते ठरलंय. पोरीचं भलंच होतंय ना?”

“मामान, पेजमान अठराच्या आतल्या मुलींना परत पाठवतो,” हेदिये म्हणाली. “परवाच दोघींना पाठवलं. शमीमच्या बाबतीत तो चार रात्री कूस बदलत होता.”

तूबाने लेकीकडे असं पाहिलं, की जणू पोटच्या पोरीने भर मजलिशीत पक्ष बदलला होता. “तीन आठवडे झाले आणि लागलीस तिकडून बोलायला,” ती पुटपुटली.

“तुम्ही कोणी खरं बोललाच नव्हता?”

शमीमचा आवाज मोठा नव्हता. पण तो अशा जागेवरून आला होता, जिथून गेले कित्येक महिने जेवताना आवाज येत नसे.

“लग्नात मी विचारलं, माझं नाक करून घेऊ का. तुम्ही सगळे म्हणालात, जरूर, का नाही. एकानेही कशाला म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, म्हणजे सगळ्यांना दिसतच होतं आणि कोणी बोलत नव्हतं. रात्रभर रडले मी. आणि आता म्हणताय, तसं म्हणायचं असतं.”

“शमीमजान, तू तर चंद्राचा तुकडा...” नादिर म्हणाला.

“हेच. हेच ते, बाबा. भात खारट झाला तरी तुम्ही वा म्हणता. पाहुणे कधी जातात असं झालेलं असताना बसा म्हणता. आणि मी जन्मल्यापासून चंद्र. यातलं खरं कुठलं, मी कसं ओळखायचं? तो फोन तरी तआरोफ करत नाही. फोटो बरा असला की चारशे लोक पसंती देतात, वाईट असला की साठ. निदान कळतं तरी.”

ती उठली. जिन्यावर तिची पावलं वाजली आणि खाली स्टुडिओचं दार लागलं. नादिर म्हणाला, “भात गार होतोय,” आणि मग स्वतःच्याच बोलण्याची त्याला लाज वाटली.

फरोगही उठली, तेव्हा सोफ्र्याच्या वरच्या टोकाकडून एक सुरकुतलेला हात पुढे आला. सासरे, आगाजून, आतापर्यंत एक शब्दही बोलले नव्हते. एक्याऐंशीव्या वर्षी बहिरेपणाची सोय त्यांना बरी जमली होती.

“मलाही धर,” ते म्हणाले. “मी येतो खाली.”

घराच्या खालीच त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आगाजूनच्या वडिलांनी तो काढला, आगाजूननी पन्नास वर्षं चालवला, आता नादिर चालवत होता. शुक्रवारमुळे शटर अर्धं खाली होतं. शमीम गिऱ्हाइकांच्या स्टुलावर पाठ करून बसली होती, आणि तिच्या वर भिंतभर या घराची माणसं टांगलेली होती: नवऱ्या मुली, सैनिक, पहिल्यांदा शाळेत निघालेली पोरं.

जिना उतरेपर्यंत फरोगच्या डोक्यात एक अख्खं व्याख्यान तयार झालं होतं. हाडं किती वर्षांपर्यंत वाढतात, भूल देण्यात काय धोका असतो. शाळेतल्या मुलींपुढे ते दहा मिनिटांत झालं असतं. पण ती पाठ पाहिल्यावर तिला जाणवलं की आपण या मुलीला वर्षभर सांगतोच आहोत, आणि आपल्याला खरोखर जे जाणून घ्यायचं आहे ते एकदाही विचारलेलं नाही.

“दाखव ना मला,” ती म्हणाली. “तू त्यात काय बघतेस, कसं चालतं ते.”

“ओरडण्याआधी नीट बघून घ्यायचंय?”

“नाही गं. मला खरंच बघायचंय.”

शमीमने वळून तिच्याकडे पाहिलं. शाळेत नवा बेडूक आणल्यावर फरोगचा चेहरा जसा व्हायचा तसाच तो होता, आणि तो चेहरा शमीमच्या ओळखीचा होता. तिने थोडी जागा केली.

फोनवर फोटो टाकायचं तिचं एक पान नातेवाइकांसाठी होतं. दुसरं फरोगला ठाऊक नव्हतं. त्यावर अकराशे माणसं होती, आणि एक मुलगी होती जिचे डोळे शमीमचे, केस शमीमचे, आणि बाकी सगळं कोणा परकीचं.

“ही कोण?” फरोगच्या तोंडून गेलं.

“मीच. हे बघ, इथे बोट ठेवलं की नाक आत जातं. इथे जबडा. आधी थोडंच करायचे. मग सगळ्या जणी करतात म्हटल्यावर थोडं जास्त. आता तसं नाही टाकलं तर विचारतात, आजारी आहेस का.”

“आणि बाहेर भेटल्यावर? ओळखतात?”

“म्हणून तर बाहेर भेटत नाही.”

फरोगने हे ऐकून घेतलं. “माझं कर,” ती म्हणाली.

शमीमने फोन तिच्यासमोर धरला, दोन-तीनदा बोट फिरवलं. पडद्यावर एक बाई आली. पंधरा वर्षांनी तरुण, डोळ्यांखाली काही नाही, गालांवर वह्या तपासत जागलेल्या रात्रींचा मागमूस नाही. आणि ती बाई फरोगला आवडली. लाजिरवाणी गोष्ट होती, पण आवडली. ती तिच्याकडे टक लावून बघत राहिली, आणि मग फोन काळा झाला व त्या काळ्या काचेत तिला तिचा स्वतःचा चेहरा दिसला. ओटा पुसायच्या फडक्यासारखा.

“आता मला माझंच तोंड बघवत नाहीये,” ती म्हणाली.

“मला रोज असं होतं,” शमीम म्हणाली. “दिवसातून तीस-चाळीस वेळा.”

फरोगने तिचा हात धरला. वर्षभर ती समजत होती की हा नखरा आहे, वयाचा चाळा आहे. पोरगी दिवसातून चाळीस वेळा हे एकटीने सोसत होती आणि आई बाहेरून न्हाणीघराचं दार वाजवत होती, किती वेळ लावतेस म्हणून.

“किती अंतरावरून काढलास गं हा?” आगाजूननी विचारलं. ते डोळ्यांवर चष्मा चढवून मागून बघत होते.

“हात लांब होईल तेवढ्या.”

“मग नाक मोठं येणारच. माझ्या वडिलांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं, चेहऱ्याच्या आठ पावलांच्या आत जायचं नाही. जवळ गेलास की नाक तुझ्या जवळ, कान लांब. जवळचं ते फुगतं. आण तो फोन.”

त्यांनी नातीला स्टुडिओच्या पडद्यापुढे बसवलं. आधी नाकासमोर हातभर अंतरावरून एक फोटो घेतला, मग मोजून आठ पावलं मागे गेले आणि फरोगकडून चेहरा जवळ आणायचं बटण समजून घेऊन दुसरा. शमीमने दोन्ही शेजारी शेजारी ठेवून निरखले. तिच्या कपाळावर आठी पडली, पण ती विचार करतानाची होती.

“फरक आहे,” ती म्हणाली. “बराच आहे.” मग थोड्या वेळाने, “पण तरी मोठं आहेच.”

“ते आहेच,” म्हातारा म्हणाला.

शमीमने भिंतीकडे बोट दाखवलं. “आगाजून, मी रोज शाळेतून आले की या भिंतीपुढे उभी राहते. चार पिढ्या आहेत इथे. एकाचंही नाक माझ्यासारखं नाही. बाबांचं तुमच्यासारखं आहे. तूबा अम्मेचं तर लग्नाच्या फोटोतही किती छान आहे. बद्री आजीचं तर बाहुलीसारखं. मामानच्या बुशेहरच्या माणसांत पण नाही. मग माझं आलं कुठून? सगळ्या घरात मी एकटीच अशी का?”

फरोगनेही वर पाहिलं. सासूबाई ती या घरात येण्याच्या पाच वर्षं आधी गेल्या होत्या. तिला त्या ठाऊक होत्या त्या एवढ्याच, मधोमध, मान किंचित वळवलेल्या, सरळ नाजूक नाकाच्या.

आगाजूनच्या बहिरेपणाचा आज काही उपयोग नव्हता. मग ते वळले, कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी एक पातळ पाकीट काढलं आणि आतली तळहाताएवढी निगेटिव्ह दिव्याच्या काचेवर ठेवली.

“ही तुझी आजी,” ते म्हणाले. “भिंतीवरची. तिथला फोटो यावरूनच काढलाय.”

निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. काहीच कळेना. शमीमने फोनने तिचा फोटो घेतला, एक बटण दाबून रंग उलटे केले, आणि पडद्यावर भिंतीवरची बद्री उमटली.

“तीच तर आहे.”

“थांब.” त्यांनी कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवला. त्यांनी नाकाच्या कडेने दोनदा हलकेच पुसलं. कापसावर शिसपेन्सिलीची राखाडी रेघ आली. “आता घे.”

शमीमने पुन्हा फोटो घेतला. रंग उलटे केले.

पडद्यावर तीच बाई होती, तीच मान, तोच रुमाल. पण मधोमध एक भरघोस, मध्यावर उंचवटा असलेलं नाक होतं. शमीमचं नाक. तीळभरही फरक नव्हता.

“कडेची सावली पेन्सिलीने भरली की नाक बारीक होतं,” आगाजून म्हणाले. “शिराझच्या अर्ध्या नवऱ्या मुलींना मी तसं केलंय. तूबालाही. तिचं दुसऱ्या लग्नातलं नाक डॉक्टरने केलं, त्याआधीची सगळी मी केली. या भिंतीवर तुझ्यासारखी नाकं होती गं. मीच पुसली.”

“तिने सांगितलं होतं तुम्हाला?” शमीमने विचारलं. “आजीने?”

“नाही.”

“मग का केलंत?”

“मला वाटलं, तिला बरं वाटेल.”

“वाटलं का तिला बरं?”

म्हाताऱ्याने कापसाचा बोळा टेबलावर ठेवला. “मी कधी विचारलं नाही. ती आभार मानायची. या गावात सगळेच आभार मानतात. शेवटच्या आजारपणात एकदा या भिंतीकडे बघून म्हणाली, हबीब, त्या बाईबरोबर सुखात राहिलास ना? मला तर तुझ्या घरात माझा एक फोटो सापडला नाही. मी हसण्यावारी नेलं. आता नादिरलाही आई आठवते ती भिंतीवरचीच.”

फरोगला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. जिला तिने कधी पाहिलंच नव्हतं त्या बाईसाठी, आणि स्टुलावर फोन छातीशी धरून बसलेल्या हिच्यासाठी. गेलं वर्षभर आपणही हेच करत होतो, तिच्या मनात आलं. पोरगी विचारत होती आणि आपण पेन्सिल फिरवत होतो.

जिन्यावर पावलं वाजली. नादिर चहाचं तबक घेऊन उतरला आणि त्याच्या मागून पेजमान, त्याच्या हातात साखरेचे खडे. वर तूबाशी बरीच बोलाचाली झाली असावी, कारण दोघांचेही चेहरे धुऊन काढल्यासारखे होते.

“फरोग खानम,” पेजमान म्हणाला, “मी आधीच सांगायला हवं होतं. सोळाव्या वर्षी मी करत नाही. माझ्या बहिणीचंही केलं नसतं.” एवढं सरळ वाक्य बोलून तो स्वतःच दचकला आणि नादिरकडे वळला. “तुमचा अनादर करायचा नव्हता.”

“अहो, अनादर कसला, मीच...” नादिरने सुरुवात केली. तबक हातात घेऊनच तो लेकीकडे वळला. “बाळा, तुझ्या नाकात काही एक दोष नाही. तू तर...”

“बाबा, थांबा,” शमीम म्हणाली. तिने फोन बाजूला ठेवला. “मामान, तू सांग. माझं नाक मोठं आहे?”

फरोगच्या जिभेवर सोळा वर्षांची उत्तरं येऊन उभी राहिली, एकापेक्षा एक गोड. तिने ती सगळी गिळली. आणि भीती वाटली, आपण लेकीचा हात सोडून देतोय अशी भीती.

“हो,” ती म्हणाली. “मोठं आहे.”

नादिरच्या हातातले पेले किणकिणले.

शमीमने डोळे मिटले नाहीत. “वाईट दिसतं?”

“समोरून नाही. बाजूने, तू अशी मान पाडून बसलीस की दिसतं. हसलीस की मला तरी ते आठवत नाही.”

“सही करशील?”

“नाही. अठराची झालीस आणि तेव्हाही तुला हवं असलं, तर तू स्वतः सही कर. मी बाहेर बाकावर बसेन, उठून जाणार नाही. पण आत्ता नाही करणार, आणि तू रुसलीस तरी नाही.”

आता रडेल, किंवा उठून जाईल, असं फरोगला वाटलं. शमीम मात्र आईकडे निरखून बघत राहिली. एखादा नवा जिन्नस हातात आल्यावर तो फिरवून बघावा तसं.

“कान?” तिने विचारलं.

“काय?”

“माझे कान कसे आहेत?”

“कान तुझ्या वडिलांचे. बरे आहेत. जरा पुढे आलेले.”

“आवाज?”

“सकाळी उठल्याबरोबर फार कर्कश.”

पेजमानला ठसका लागला. शमीमच्या ओठांचा कोपरा हलला. “माझं गाणं? तुम्ही सगळे नेहमी वा वा करता.”

“सुरात नसतं. आजोळी तुझी मावशी दार लावून घेते.”

“फरोग,” नादिर कळवळून म्हणाला.

“बाबा, बोलू द्या तिला.” शमीम आता स्टुलाच्या कडेवर पुढे सरकली होती. तिला आणखी हवं होतं. तिने केस विचारले, हस्ताक्षर विचारलं, चालणं विचारलं, गेल्या वर्षी मैत्रिणीशी झालेल्या भांडणात चूक कोणाची होती ते विचारलं, आणि फरोग सांगत गेली, जमेल तितकं नीट, काही पदरचं न घालता. मग शमीम दुसरीकडे बघत म्हणाली, “आणि माझी चित्रं?”

“चित्रं चांगली आहेत,” फरोग म्हणाली.

“चांगली म्हणजे?”

“चांगली. तू माणसांचे हात काढतेस ना, तसे मला शंभर वर्षांत जमणार नाहीत. ती शेजारची म्हातारी भाजी निवडताना काढलीस, ते चित्र मी शाळेच्या कपाटात ठेवलंय. तुला न विचारता नेलं.”

शमीमच्या गळ्यापासून लाली चढत गेली. गालांवर आली, पुढे आलेल्या कानांवर आली. सोळा वर्षं या मुलीचं कौतुक होत होतं, आणि त्यातलं एक आज पहिल्यांदा तिच्यापर्यंत पोहोचलं, हे सगळ्यांना समोर दिसत होतं. नादिरने तबक खाली ठेवलं. मुलीकडे बघता बघता त्याला काहीतरी कळलं असावं, कारण तो नेहमीसारखं काही बोलला नाही.

“आणि तू मला सुंदर म्हणायचीस ते?” तिने अगदी हळू विचारलं.

“ते मला तशी दिसतेस म्हणून. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही.”

शमीमने मान हलवली. मग ती उठली, तिने आईच्या हातातला रुमाल ओढून घेतला, नाक शिंकरलं, आणि स्टुलावर परत बसली. यावेळी उजवी बाजू त्यांच्याकडे करून.